गोल बिस्किटाची साखर

त्या दिवशी सकाळी, चहाच्या सुट्टीच्या जरा आधी, माझी जीभ माझ्याशी खोटं बोलली. दुसऱ्यांशी ती बोलते, त्याचं मला काही वाटत नाही. त्यासाठीच ती दिलेली असते. पण माझ्याशी? मी तिच्याच पगारावर जगते. बिस्किटांच्या कारखान्यात चाखणीची एक खोली असते आणि तिथे दिवसभर बसून बिस्किटं चावणारी माणसं असतात, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. ज्यांना वाटतं ते 'मग तू जाड कशी होत नाहीस गं?' असं विचारतात, कारण आम्ही चावतो आणि थुंकतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. खोलीला खिडकी नाही. दिवा लाल, म्हणजे बिस्किटाचा रंग दिसू नये. त्या उजेडात आम्ही सगळे सोललेल्या बिटासारखे दिसतो. दोघांच्या मध्ये लाकडी फळी, म्हणजे शेजाऱ्याचं तोंड बघून आपलं मत बनू नये. कामाच्या दिवशी लसूण नाही, अत्तर नाही, वासाचा साबण नाही. प्रेमात पडायचं तर सुट्टीच्या दिवशी. एवढा बंदोबस्त बँकेच्या तिजोरीलाही नसेल. आणि त्या बंदोबस्तात, तोंडात एक गोल बिस्कीट धरून, मी मनाशी म्हटलं, 'हे गोड आहे. चौकोनीपेक्षा चांगलंच गोड आहे.' आता गंमत अशी की पीठ एकच होतं. मला कोणी सांगितलं म्हणून नव्हे. ते मळलं जाताना मी शेजारी उभी होते. निम्मं पीठ जुन्या चौकोनी छापाखालून गेलं, निम्मं नव्या गोल छापाखालून, दोन्ही एकाच भट्टीत भाजलं गेलं आणि भट्टीपासून खोलीपर्यंतचा ट्रे मी स्वतःच्या हाताने आणला. कंपनीला आकार बदलायचा होता, कारण चौकोनाचे कोपरे पुड्यात मोडतात, त्यांचा भुगा तळाशी जमतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं की आपल्याला कोणाचं तरी उष्टं विकलं. तेवढ्यासाठी ही चाखणी. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं, आणि तरीही गोल बिस्कीट माझ्या तोंडात साखर सांडत होतं, जी साखर त्यात नव्हती.

फळीपलीकडून मीटरचा आवाज आला, "दुसऱ्यात साखर जास्त पडलीय. चांगली मूठभर." मीटर म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने चाखणारे. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणतो, पाठीमागे मीटर, कारण त्यांची जीभ प्रयोगशाळेतल्या यंत्रापेक्षा बरोबर असते असा त्यांचा आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्याचाही समज आहे. मग बाकीचेही बोलले. सगळ्यांना गोल जास्त गोड. उत्पादनाचे साहेब आत आले, त्यांनी पीठ एकच असल्याचं जाहीर केलं आणि लग्नात आहेर फोडतानासारखं तोंड करून आमच्याकडे पाहत राहिले. मीटर उठून उभे राहिले. "साहेब, मग ती साखर आली कुठून?" साहेब म्हणाले, "काका, गोलाईतून. गोलाई फुकट मिळते, हे केवढं चांगलं आहे बघा." मीटरनी गोल बिस्कीट प्रयोगशाळेत पाठवलं, प्रयोगशाळेने साखर तेवढीच असल्याचं कळवलं, आणि दुपारी मीटरनी डबा उघडून त्याच्या गोल झाकणाकडे असं काही पाहिलं की दुसऱ्या दिवसापासून ते चौकोनी डबा आणू लागले. मी हसले. पण घरी जाताना बसमध्ये माझं हसू उतरलं. मी दांडीला धरून उभी होते आणि दांडी गोल होती; तळव्याला ती गुळगुळीत, गार, किंचित गोडसर वाटत होती आणि मला तिचा राग येत होता. समोरच्या बाईच्या पिशवीचा कोपरा पोटरीला टोचत होता. तो कडू होता. इतके दिवस मी समजत होते की जीभ ही एक खोली आहे, लाल दिव्याची, फळ्या लावलेली. आता कळलं की तिला दारंच नाहीत. डोळे आत येतात, बोटं आत येतात, कडा, कंगोरे, कुठलीकुठली खरखर आत येऊन बसते आणि साखरेच्या नावावर सही करून जाते. आणि मग, बस वळणावर कलंडली तेव्हा, मनात एकदम एक लबाड विचार आला. नसलेली साखर जर माझ्या तोंडात घालता येते, तर बाबांच्या तोंडात का नाही?

बाबा जेवत नव्हते. तापातून उठले तेव्हा सगळं जागेवर होतं, हात, पाय, विसरभोळेपणा, आईशी वाद घालायची ताकद. फक्त चव आणि वास निघून गेले होते, पाहुणे न सांगता जातात तसे. पहिल्या दिवशी त्यांनी सूपचा चमचा तोंडात घातला, थांबले आणि म्हणाले, "यात काय घालायचं राहिलंय?" आईने चाखून पाहिलं. काही राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही, चमचा खाली ठेवला. "भिंत चावल्यासारखं वाटतं," म्हणाले, मग जरा विचार करून स्वतःच दुरुस्ती केली, "नाही, भिंतीला तरी चुन्याची चव असते." हे त्यांना खरोखरच ठाऊक होतं. ते आयुष्यभर संग्रहालयाच्या तळघरात प्लास्टरचे पुतळे ओतत आले. मूळ मूर्तींच्या नकला करायच्या, त्या शाळांना, दुसऱ्या संग्रहालयांना जायच्या. आणि ओतलेल्या पुतळ्याची घासणी बरोबर झाली की नाही हे बाबा बोटाने नाही, खालच्या ओठाने तपासायचे. बोट काम करून करून निबर होतं, ओठ होत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की माझे वडील दिवसभर दगडी बायकांचे मुके घेतात, आणि आईला हे माहीत आहे की नाही या चिंतेत मी बरेच दिवस होते. आता तोच ओठ घट्ट मिटलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नस आहे, तिच्या मर्जीने उगवते. येईल, कदाचित येणारही नाही. पण वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या वेळी मी ऐकणार नाही. दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल." बाबांनी डॉक्टरबाईंच्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. येताना रिक्षात म्हणाले, "टेबल चांगलं आहे. कडा घासून मारलेल्या आहेत." आई रिक्षाबाहेर बघत होती. ती रडत नव्हती. ती मनातल्या मनात दुकानात जाऊन आणखी काय काय आणता येईल ते बघत होती.

मी कामाला लागले. खोटं बोलायचंच तर पगार घेऊन बोलणाऱ्या माणसाने नीट बोलावं. पहिल्या दिवशी गाजर गोल चकत्यांत कापलं, दुसऱ्या दिवशी चौकोनी फोडींत, मग लांब काड्यांत. भात वाटीत दाबून घुमटासारखा उपडा केला. शेजारच्यांकडून पांढऱ्या गोल ताटल्या आणल्या, मग काळ्या. जड चमचा, हलका चमचा, लाकडी चमचा. पाव त्रिकोणी, कारण त्रिकोणाचं टोक जिभेला आधी लागतं असं मला बसमध्ये सुचलं होतं. आई ओट्याशी उभी राहून हे सगळं पाहत होती. "भूमितीची परीक्षा आहे का गं घरात?"

"आई, आकाराने चव बदलते. कारखान्यात सिद्ध झालंय."

"कारखान्यात. आणि मी इतकी वर्षं हाताने करत होते ते?"

"तुझ्या हाताला नावं ठेवत नाहीये मी."

"ठेव की. माझा हात आता गोल कर, म्हणजे गोड लागेल." ती म्हणाली आणि तरीही तिनेच गाजराच्या चकत्या ताटलीत एकमेकींवर अर्ध्या चढवून अशा सुरेख मांडल्या की मला त्या मोडवेनात. बाबांनी मोडल्या. एक चकती चावली, दुसरी चावली, मग माझ्याकडे पाहिलं. "तू मला फसवत्येस." मी म्हटलं, हो. "जमत नाहीये." कळलं, मी म्हटलं. मग शेवटचा उपाय म्हणून कारखान्यातली दोन्ही बिस्किटं समोर ठेवली, चौकोनी आणि गोल. पीठ एकच आहे हे सांगितलं नाही. चाखणाऱ्याला आधी काही सांगायचं नाही हा आमचा नियम, आणि हा एक नियम तरी अजून शाबूत होता. बाबांनी दोन्ही चावली. "एकाला कोपरे आहेत, एकाला नाहीत." आणि चव? "दोन्ही भिंत."

मला त्या रात्री, नाही, रात्र वगैरे काही नव्हती, भांडी विसळत होते मी, दिवेलागणीला, तेव्हा हिशेब लागला, आणि हिशेब फार साधा होता. गोल बिस्कीट मला फसवू शकलं, कारण माझ्या तोंडात थोडी साखर मुळात होती. गोलाईने तिला नुसतं पुढे ढकललं. बाबांच्या तोंडात ढकलायलाच काही नव्हतं. शून्याला कोपरे काढा, घासून गोल करा, घुमट करून ताटलीत उपडं करा, शून्य ते शून्यच. फसायलासुद्धा माणसाजवळ आधी थोडं काहीतरी असावं लागतं. मी विसळलेला पेला पुन्हा विसळला. बाहेर बाबा खुर्चीत बसले होते आणि रुमालाची शिवण अंगठ्याखाली पुढे-मागे सरकवत होते, सारखी, जणू ती कुठे उसवली आहे ते शोधत होते.

लहानपणी एकदा सुट्टीत आईने मला त्यांच्याबरोबर तळघरात पाठवलं होतं. घरात नको म्हणून. तिथे सगळीकडे पांढरी धूळ, टेबलांवर नुसती डोकी, फळीवर कानांची रांग, एका डब्यात नाकं. माझ्यासारख्या मुलीला याहून चांगली सुट्टी मिळाली नसती. बाबांनी माझे डोळे रुमालाने बांधले आणि माझे हात एका बाईच्या चेहऱ्यावर ठेवले. "सांग, कशी आहे ही?" मी कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, गाल पाहिले आणि हनुवटीपर्यंत येऊन म्हटलं, "आंबट." तळघरातली सगळी माणसं हसली. एक जण म्हणाला, "चाटू नकोस हं, पोट बिघडेल." बाबा हसले नाहीत. ते वाकले, त्यांनी डोळे मिटून त्या हनुवटीला खालचा ओठ लावला आणि तसेच बराच वेळ राहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे. सांधा राहिलाय." साचा दोन अर्ध्यांचा असतो, ते जिथे जुळतात तिथे ओतलेल्या प्लास्टरला एक बारीक कड येते, आणि ती कड घासायची राहिली होती, केसाएवढी. त्यांनी ती घासली. माझे हात परत ठेवले. आता कशी? आता गोड नव्हती, पण आंबटही नव्हती. आता ती कुणाची तरी आई होती. पुढे त्याच साच्यातून बाबांनी दोन चेहरे ओतले, एक वाळूने घासून खरखरीत ठेवला, दुसऱ्याला मेण लावून लावून चकाकी आणली, आणि दोन्ही त्या एका दालनात ठेवले जिथे 'हात लावू नये' अशी पाटी नव्हती, उलट 'हात लावा' अशी होती. लोक खरखरीत चेहऱ्यापाशी थांबून हळू आवाजात म्हणायचे, हिचं कोणीतरी गेलेलं दिसतंय. चकचकीत चेहऱ्यापाशी म्हणायचे, काय तोरा आहे बाईचा. एकाच साच्यातल्या दोघी. वरच्या साहेबांनी विचारलं, यातली खरी कोणती? बाबा म्हणाले, "मूळ बाईला विचारायला हवं, पण ती काचेत आहे." हे सगळं मला ठाऊक होतं. हे सगळं माझ्या घरातच होतं, आणि मी बसमध्ये त्रिकोण शोधत बसले होते.

पण एवढं आठवून मला काही सुचलं म्हणाल तर तसंही नाही. सुचलं कारखान्याला, आणि तेही भंगार म्हणून. गोल छाप पक्का झाला, चौकोनी छाप काढून मागच्या अंगणात टाकले. पितळी, तळहाताएवढे, कडेला बारीक दात. साहेबांचं म्हणणं, घेऊन जा कोणाला हवे असतील तर, पेपरवेट होतील. मीटरनी दोन घेतले, रुमालात गुंडाळले, आणि म्हणाले, "हे निदान खोटं बोलत नव्हते." मी एक उचलला. बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले, कारण आईने बटाटे उकडले होते आणि बाबा जेवणार नाहीत हे मान्य करूनही ते कोणीतरी सोलायचे होते. जरा वेळाने बाहेरून हाक आली. बाबांनी छाप खालच्या ओठाला लावला होता. डोळे मिटलेले. "हा कोपरा झिजलाय," ते म्हणाले. "पिठाचा कोपरा इथे नीट भरत नसणार. पोकळ राहत असणार."

"तिथेच मोडायचं बिस्कीट," मी म्हटलं.

"मोडणारच. बिस्कीट आहे का यातलं?"

होतं. पिशवीत होतं, जुन्या छापाचे शेवटचे पुडे आम्हाला वाटून टाकले होते. बाबांनी एक बिस्कीट घेतलं, छापाशेजारी धरलं, खिडकीकडे वळवून कडा पाहिल्या, मग ओठाने कड तपासली, चारही बाजूंनी, जशी ते त्या बायकांची तपासायचे. "वरून बरं उतरलंय. आतला पोत बघायला हवा." मी ते मोडायला हात पुढे केला. "हाताने नको. हाताने मोडलं की कण दाबले जातात, काही कळत नाही." आणि त्यांनी कोपरा दातांनी तोडला. सावकाश चावला. मान जरा तिरकी, ऐकल्यासारखी. ते खरंच ऐकत होते, कारण बिस्कीट मोडतं ते कानात आधी मोडतं. "हवा राहिलीय इथे. मधे घट्ट आहे, कडेला भुसभुशीत. दुसरं दे." दुसरं दिलं. "हे बरं आहे. एकसारखं. दुसरं." आई दारात येऊन उभी होती, हातात अर्धवट सोललेला बटाटा. ती मला खूण करत होती, पण कसली ते तिलाच माहीत नव्हतं. शेवटी माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "खातायत."

"तपासतायत," मी म्हटलं.

"तू काहीही म्हण. गिळतायत ना?"

गिळत होते. चाखणीच्या खोलीतला माझा पहिला धडा, चावून थुंकायचं, बाबांना कोणी शिकवला नव्हता. पुडा संपला. बाबांनी बोटांवरचा चुरा दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "पीठ जरा जाड दळतात तुमचे लोक." मग त्यांना आपण काय केलं ते कळलं असावं, कारण ते रिकाम्या पुड्याकडे एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत राहिले.

त्या दिवसापासून आमच्या घरात जेवण झालं नाही, तपासण्या झाल्या. मी फसवणं सोडलं. हरवलेल्या चवीचं सोंग कशाला आणायचं; तोंडाला जे अजून कळत होतं तेच वाढायचं. गार आणि गरम, कुरकुरीत आणि बिलबिलीत, जे दाताखाली ओरडतं ते आणि जे ओरडत नाही ते. आईला हे आधी अजिबात पसंत पडलं नाही. बाबांनी सूपचा घोट तोंडात घोळवून "पॉलिश चांगलं आलंय" म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, ते सूप आहे, फरशी नाही." बाबा म्हणाले, "एका ठिकाणी गुठळी आहे." आईने पातेल्यात चमचा फिरवला. गुठळी होती. दुसऱ्या दिवशी तिने सूप दोनदा गाळलं, आणि दोनदा गाळताना तिचा चेहरा असा होता की तिच्या आड येऊ नये. मग हळूहळू तिच्या अंगात ते भिनलं. तिने बटाट्याच्या फोडी उकडून, पाण्याशिवाय पातेल्यात खळखळ हलवून त्यांच्या कडा खरवडल्या आणि मग तेलात टाकल्या. बाहेरून वाळूच्या कागदासारख्या, आतून लोणी. बाबांनी एक फोड ओठाला लावली. चावली. डोळे मिटले. आई ओट्याला टेकून उभी, पदराला हात पुसत, हात कोरडेच होते. बाबा म्हणाले, "सांधा कुठे दिसत नाही." बाकी काही नाही. त्यांनी दुसरी फोड घेतली, तिसरी घेतली. आई आत गेली. मी मागे गेले तर ती डब्यांच्या फळीकडे तोंड करून उभी होती. "इतकी वर्षं नुसतं 'बरं झालंय' म्हणायचे," ती म्हणाली. "बरं झालंय! काहीही पुढ्यात ठेवलं तरी बरं झालंय. आता म्हणतात सांधा दिसत नाही." मला वाटलं ती रागावली आहे. पण तिचे कान लाल झाले होते, आणि आमच्या घरात लाल दिवा नाही.

डॉक्टरबाईंकडे वजनाचा काटा थांबला होता. उतरता उतरता थांबला होता आणि, जरा लाजत का होईना, वरच्या बाजूला झुकला होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय खाता आता?" बाबा म्हणाले, "पोत." बाईंनी लिहून घेतलं आणि विचारलं की हे पावडरमध्ये मिळतं की बाटलीत. आई म्हणाली, "घरी करते मी." नळीचा विषय निघाला नाही. येताना रिक्षात बाबा म्हणाले, "पण चव नाहीच." कोणालाही दोष न देता, पत्ता सांगावा तसं. त्यांना वाईट वाटत होतं ते त्यांनी इतकं घासून गुळगुळीत केलं होतं की आम्हाला ते कुठे धरावं तेच कळेना. मी म्हटलं, नस उगवेल. "उगवेल," ते म्हणाले, "नाहीतर सांध्यांवर भागवू." आई म्हणाली, "भागवू काय, माझे हात गळून गेलेत फोडी खरवडून." पण तिने ते म्हणताना बाबांचा हात मांडीवर ओढून घेतला आणि अंगठ्याने त्यांच्या नखांच्या कडा तपासत बसली. घरात सगळ्यांनाच ती सवय लागली होती. मीही कामावर मीटरना म्हटलं, "काका, तुमच्या चौकोनी डब्याचा आवाज चांगला आहे." मीटर माझ्याकडे संशयाने पाहून म्हणाले, "चव सोडून आवाजाचं बोलतेस? तू गोलवाल्यांना मिळालीस."

मग तो रविवार. दुपारचा चहा, खिडकीतून येणारं ऊन टेबलावर तिरकं, कपबशीच्या कडेला थोडं वाकलेलं. मी नव्या खेपेची गोल बिस्किटं आणली होती, आणि चौकोनी पुड्यांतला शेवटचा पुडा, जो आईने मला न सांगता डाळीच्या डब्यामागे लपवून ठेवला होता. बाबा त्यांचं नेहमीचं काम करत होते. चौकोनी घेतलं, ओठ, कड, दात, कान. गोल घेतलं, ओठ, कड, दात. थांबले. कपाळावर आठी आली. बिस्कीट समोर धरून त्याच्याकडे असं पाहिलं की ते आता माफी मागणार.

"हे जास्त गोड केलंय तुम्ही," ते म्हणाले.

आईच्या हातातली किटली चहाच्या धारेसह हवेत होती आणि कप भरत चालला होता. "चौकोनी बरं होतं," बाबा म्हणाले आणि उरलेला अर्धा तुकडाही तोंडात टाकला. "इतकी साखर कशाला घालतात? मुलांचे दात जायचे." चहा बशीत आला, बशीतून टेबलावर, टेबलावरून बाबांच्या गुडघ्यावर. "अगं, किटली!" ते ओरडले. आईने किटली ठेवली आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"गोड म्हणाले."

"हो."

"मग खरंच जास्त घातलीय का साखर?"

"नाही. एक कणही नाही. पिठाचं माप एकच आहे, आई. दोन्हीत एकच."

"मग ते का म्हणाले?" तिचा चेहरा पडला. "म्हणजे नुसतंच आपलं म्हणाले? चुकले?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. की मीही तस्संच चुकले होते, की मीटर चुकले, खोलीतला प्रत्येक माणूस चुकला. की काही आठवड्यांपूर्वी हीच दोन बिस्किटं बाबांना दिली होती आणि तेव्हा ते चुकले नव्हते, तेव्हा ते बरोबर होते, दोन्ही भिंत, अगदी प्रयोगशाळेसारखे बरोबर. काही नसलं की माणूस बरोबरच असतो. चुकायला तोंडात काहीतरी लागतं. थोडीशी साखर लागते, केसाएवढी, गोलाईने पुढे ढकलता येईल इतकी. हे सगळं मी हातवारे करत, भराभर, अर्धं आधी आणि अर्धं नंतर असं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "फसले आई. बाबा फसले."

आई स्टुलावर बसली. आधी तिला कळलं नाही, मग कळलं, ते तिच्या खांद्यांत आधी दिसलं. ती हसायला लागली, तोंडावर पदर धरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला ते पुसायला वेळ नव्हता. बाहेरून बाबा विचारत होते की एखादा कापडाचा तुकडा मिळेल का कोणाकडून, की आता माणसाने चहातच बसून राहायचं. मी फडकं घेतलं. दारापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं, तर आई उठली होती. तिने फळीवरून पांढऱ्या गोल ताटल्या काढल्या होत्या, शेजारच्यांच्या, परत द्यायच्या राहिलेल्या. एक ताटली तिने उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला आणि नाक ओढत म्हणाली,

"उद्या काय काय गोल करू?"